नखभर फट

ओझुर्गेतीत दुपारी चारलाच खड्ड्यात अंधार पडतो.
वर निवा गाडी, चारी चाकांवर निवांत,
खाली मी उताणी, आणि माझ्या छातीवर
तीसेक किलोंचा गिअरबॉक्स
झोपाळू वासरासारखा.

जुंबेर काका काठावर उकिडवे बसलेत.
त्यांचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतो,
म्हणून हात माझे
आणि बोलणं त्यांचं.

सकाळी क्लचची तबकडी लावताना
त्यांनी खिशातून एक दांडका काढला:
अक्रोडाचा, स्वतः लेथवर कातलेला,
टोकाला बारीक, पोटाला जाड,
चाळीस वर्षांच्या ग्रीसने काळा.
"टोक बेअरिंगच्या भोकात, पोट तबकडीच्या दात्यांत.
आता आवळ. एक बोल्ट इथला, एक समोरचा.
घाई केलीस तर तबकडी सरकेल, तेक्ले,
आणि सरकली हे तुला संध्याकाळी कळेल."

संध्याकाळ झाली.
शाफ्ट आत गेला,
दोन बोटं उरली असताना थांबला.

मी ढकलला.
मी त्याला शिवी दिली.
गुडघा लावला, पुन्हा ढकलला.
मान अवघडली, डोळ्यात गंजाची कणी गेली,
दोन बोटं ती दोन बोटंच.

माझा भाऊ बोंदो इथंच अडला होता,
याच गाडीखाली, दोन वर्षांपूर्वी.
त्याने लांब बोल्ट घातले, पाना लावला,
"येत नाही म्हणजे काय," म्हणाला
आणि ओढत राहिला.
कडकन आवाज झाला. बॉक्सचा कान तुटून खड्ड्यात पडला.
काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी तुकडा उचलला, पुसला,
भिंतीवर खिळ्याला टांगला,
संत निनोच्या तसबिरीखाली.
बोंदो त्याच आठवड्यात पोलंडला गेला, ट्रक चालवायला.
त्या ट्रकला क्लचच नाही म्हणे.

"बोल्टला हात लावू नकोस," काका वरून म्हणाले.
मी लावला नव्हता.
मनात लावला होता, ते त्यांना कसं दिसलं कोण जाणे.

"तिसऱ्या गिअरमध्ये टाक.
मागचं टोक फिरव. जरासं."
"जरासं म्हणजे किती?"
"ते त्याला विचार."

मी फिरवलं. आत कुठेतरी
दात्याला दात्याची चाहूल लागली,
शाफ्ट एक बोट सरकला आणि पुन्हा रुसला.

"फट बघ. चारी बाजूंनी सारखी आहे?"
बॅटरी तोंडात धरून मी नख फिरवलं.
खाली शिरेना. डावीकडे निम्मं.
वर अख्खं नख आत.
"वर जास्त आहे!"
"मग शेपूट पडलंय त्याचं. उचल.
आणि वजन तुझ्यावर घे,
तबकडीच्या गळ्यात नको टांगूस.
ती बिचारी काय काय पेलेल?"

मी कंबर उचलली. जॅकला एक दट्टा दिला,
मग अर्धा.
श्वास सोडला,
आणि बहुतेक त्यानेही सोडला.

जात्याची वरची तळी खुंट्यावर बसावी
तसा बसला.
आवाज इतका छोटा, की मी घाबरून विचारलं,
"गेला का?"
काका आधीच उठून हात धूत होते.
"बोल्ट बोटांनी लाव," नळापाशी म्हणाले,
"पाना जेवल्यावर."

मक्याच्या भाकरीबरोबर बोंदोचा फोन आला.
बसला का? बसला.
बोल्टने ओढलास? नाही.

मग बराच वेळ कुठल्या तरी ट्रकथांब्यावरचा वारा
ऐकू येत राहिला.
"काकांचा हात कसा आहे?"

काका भाकरीवर चीज ठेवत होते.
तुकडा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी
हात तसाच थरथरू दिला आणि भाकरीच हाताखाली आणली.

मी काही बोलले नाही.
फोन त्यांच्या डाव्या हातात दिला
आणि खड्ड्यातला दिवा विझवायला गेले.