बिनवासाची बॅच

कुंडईच्या वसाहतीत रात्रपाळी.
बाहेर काजूचा हंगाम, वाऱ्यावर बोंडूंचा आंबूस गोडवा.
आत टाकीत पाणी.
नुसतं पाणी, वीस अंशांवर,
आणि त्यात तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे मणी,
मण्यामण्यात बसवलेलं आमचं एन्झाइम.

याच जागी जुना रिॲक्टर होता. उणे चाळीस अंश,
डायक्लोरोमिथेनची पिंपं,
आणि अंगाला चिकटणारा तो गुळचट वास
जो साबणानं जात नसे,
रविवारच्या मिसाला धुतलेल्या शर्टातूनही नाही.
आग्नेलनं तिथं एकतीस वर्षं काढली.
आता त्याला बांगड्याच्या हुमणाचाही वास येत नाही.
बायको विचारते, तिरफळ लागलं का?
तो मान हलवतो.

एन्झाइम म्हणजे शिंपी, मी त्याला सांगितलं होतं.
दोन तुकडे घेतो, टाका घालतो, झालं अ‍ॅमॉक्सिसिलिन.
पण पाण्यात हा शिंपी बिघडतो,
घातलेला टाका स्वतःच उसवत बसतो.
दोन वर्षं आम्ही त्याचा हात वळवत होतो.

सुचलं ते दिवाडीला,
मामाच्या मानशीवर.
लाकडी दारं, बिजागरीला शेवाळ.
भरतीनं ढकललं की मिटतात,
ओहोटीनं ओढलं की उघडतात.
खारं पाणी शेतात शिरत नाही,
शेतातलं मात्र निघून जातं.
कुणी पहारा देत नाही. सगळी अक्कल बिजागरीत.

साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललं.
दाराशी बसलेलं जाडं काढलं, बारीक बसवलं.
त्याआधीचे सहाशे बदल फुकट गेले,
ते कुणी विचारत नाही.

पहाटे चारला पाणी दुधाळलं.
औषध स्फटिक होऊन तळाशी बसू लागलं,
उसवणारा हात पोचण्याआधीच.
गावकर मॅडम काही बोलल्या नाहीत,
त्यांनी सामू पुन्हा तपासला.

आग्नेल आला. झाकण उघडायला लावलं,
वाकला, लांब श्वास घेतला.
"कसलो वास येता गो?"
मीही वाकले. हुंगलं.
"कसलाच नाही."
त्याला वाटलं, मी त्याचं मन राखतेय.
त्यानं मॅडमना हुंगायला लावलं, मग वॉचमनला.
वॉचमन म्हणाला, "पाणी आहे, साहेब."

"मग आज," आग्नेल म्हणाला, "सगळे माझ्यासारखे."
आणि हात धुवायला गेला,
सवयीनं,
दोनदा.