विसण

उदगीरला नळ आठव्या दिवशी येतो,
ऊन रोज.

गच्चीवर पंधरा काचेच्या नळ्या.
मजीद फिटर वर्षाला एकदा
त्यांतला क्षार खरवडतो,
पसाभर पांढरा चुरा दाखवून म्हणतो,
"भाभी, तुमचा बोअर दगड उपसतोय."

पहाटे तोटी सोडली की
आधी पाइपात रात्रभर निजलेलं गार येतं.
ते सांडायचं नाही.
एक बादली भांड्यांना,
तांब्याभर कढीपत्त्याला,
उरलेलं विसणाला.

मग, वाफाळत, कालची दुपार उतरते.

कालच्या दुपारी हे
देवणी रोडला खांबावर होते,
तार जोडत.
मान अजून लाल आहे.

आज तेच ऊन
तांब्या तांब्यानं पाठीवर घेतायत.
दाराआडून विचारते, विसण घालू?
म्हणतात, राहू दे.