खापर

आखाजी होऊन बारा दिवस झाले
आणि सुपडाजिजी दारात उभी.
"काय करी ऱ्हायनी वं?"
सासूबाई लसूण सोलत होत्या, समोरच दिसत होतं.
"काही नही. बठेल शे. ये ना."

मी मिरजेची. लग्नाला दीड वर्ष.
अहिराणी मला कळते,
हसायची वेळ टळून गेल्यावर.

"अशीच उनू," जिजी म्हणाली.
अशीच आलेल्या बाईची नजर
एकदा चुलीमागच्या कोपऱ्यात गेली
आणि काही न विचारता परत आली.
तिथे सणाला तिचं खापर होतं,
मांड्यांसाठी मागून आणलेलं,
तिच्या सासूच्या काळापासून तापत आलेलं, काळंभोर.
आता तिथे झाडू होता.
तुकडे मी दोन गल्ल्या सोडून टाकले होते,
अंधार पडल्यावर.

मग सुरू झालं त्यांचं बोलणं.
एका खड्ड्याच्या कडेकडेने
दोघी एकमेकींना सांभाळत चालल्या होत्या,
खड्डा कुणालाच दिसत नव्हता.
ऊन. कपाशीचं बियाणं. धुळ्याच्या नणंदेचा गुडघा,
आणि डॉक्टरने सांगितलेला खर्च, आणि डॉक्टरची जात सोडून सगळं.
माझ्या जिभेवर 'सॉरी' तयार होतं.
मी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या,
"साखर पाहा गं, संपली का."
साखर होती. तीनदा पाहिली.

कपातला शेवटचा घोट राखून जिजी म्हणाली,
कुंभाराचा पोरगा म्हणे सुरतेला लागला, साड्यांच्या दुकानात.
आता चाकावर कोण बसतं.
सासूबाईंनी एक पाकळी उगाच जपून सोलली.
"रविवारच्या बाजारात येतो एक म्हातारा, बोरीकाठचा.
माती चांगली असते त्याची."
"असते का?"
"असते ना."

जिजीने घोट संपवला. "येस हं."
मी कप उचलले.
मला वाटलं, आज काहीच झालं नाही.

रविवारी सासूबाईंनी नवं खापर माझ्या हातात दिलं,
लेकरू द्यावं तसं, दोन्ही हातांनी.
"काही बोलू नको. म्हण, दोन आणली, एक जास्तीचं झालं."

जिजीने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
"कसाले वं? मला कुठे घाई होती."
इथे थांबायचं होतं. मला कळतही होतं.
"जिजी, माझ्या हातून फुटलं तुमचं."

पाहुण्यांच्या बाळाने मांडीवर दूध ओकावं
आणि आपण पदराने टिपत म्हणावं, असू दे, असू दे,
तसं तिने ते वाक्य टिपलं.
"भिंत एकच शे आपली.
त्याच दुपारी ऐकू आलं मला.
म्हटलं, बारा दिवस जाऊ द्यावेत."

मग चुलीवर खापर पालथं घातलं.
नवी माती लवकर ऐकत नाही.
पहिला मांडा एका बाजूने कच्चा, दुसरीकडे करपलेला,
पुरणाला ओल्या मातीचा वास.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती.
"कसा झाला?"

मी बोटं चाटली.
"अजून अर्धा द्या."

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं,
आणि त्यातल्या त्यात कमी करपलेला
अर्धा दिला.