पावती बुक

छापखाना इतवारीतला. शंभर पावत्यांचं एक बुक,
गुलाबी कागद, मधे कार्बन सरकवायचा.
छापताना 'आहार'मधला काना उडाला:
'शालेय पोषण अहार व शिपाई संघटना, नागपूर'.
मालक म्हणाला, पुन्हा छापू का?
म्हटलं, राहू द्या. एका कान्यापायी दुसरं बुक कुठून आणू?

खजिनदार मलाच केलं, कारण तांदूळ मी मोजते.
पोट्ट्यामागं शंभर ग्रॅम,
काटा दोन वर्षांपासून बिघडलेला, हाताच्या अंदाजानंच.
"तुह्या हातून दाना सांडत नाही,
रुपया कायले सांडन?"
हे ताराचंद हेडाऊ, घंटेवाले,
तीस वर्षं टोल देऊन देऊन एका कानानं बहिरे.

पहिली सभा कोठीत. सातजण.
शकीला आपा डाळीच्या पोत्यावर.
संडास धुणारा सुदेश उंबरठ्यात उभा,
आत ये, आत ये म्हटलं, तरी उंबरठ्यातच.
शेवटी आपा उठली, पोतं ओढत त्याच्यापाशी नेलं,
मागोमाग आम्हीही आपापले डबे, पाट उचलले
आणि सगळी सभाच दाराकडं सरकली.

देवकाबाई नंदेश्वर पावती घेईना.
वीस रुपये पुढं करते, नाव नको म्हणते.
"नाव पाह्यलं तं म्हनतीन, उद्यापासून येऊ नोको.
मले दुसरी चूल कोन देते?"
ते वीस रुपये मी पदराला वेगळे बांधले.
हिशेबात ते कुठंच बसेनात.

डिसेंबरात मोर्चा. टेकडी रोडवर कठडे.
कठड्यामागचा एक कोवळा पोलीस हळूच म्हणाला,
काकू, मी तुमच्याच शाळेतला.
खिचडीत मीठ कमी असायचं.

रस्त्यावरच बसलो. घोषणा चालू होत्या,
आणि साडेबाराला
ताराचंदभाऊंचा उजवा हात आपोआप वर गेला,
मूठ नव्हे,
टोल धरावा तसा.
बाया गप्प झाल्या.
आपा पुटपुटली, आज पोट्टे काय खाऊन राह्यले असतीन?
माईकवाला म्हणत होता, ताई, घोषणा द्या, घोषणा द्या.
कुणी देईना.

मग मागून, पार मागून,
देवकाबाई. ती आलीय हेच मला ठाऊक नव्हतं.
"दहा महिन्याचे पैसे देता,
उन्हाळ्यात आमचं पोट बी सुट्टीवर जाते का जी?"
तिला ना यमक, ना ताल.
तरी सगळ्यांनी ते म्हटलं, वेडंवाकडं,
कुणी 'जी' आधी, कुणी नंतर.

निवेदन कुणीतरी घेतलं. पुढं काय ते अजून कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं,
काल कोण कोण होतं?
मी खिचडी ढवळत राहिले.
देवका पातेल्याशी आली, हात पुसले.
"माही पावती फाड. पुरं नाव लिह्य."

घाईत कार्बन उलटा लागला.
स्थळप्रत कोरी राहिली,
आणि तिच्याकडं गेलेल्या गुलाबी कागदावर
नाव दोनदा: पुढं सुलट, मागं उलट.
हिशेब तपासणारे विचारतील तेव्हा
काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.