जिन्यातला पत्रव्यवहार

ल्यूबेकमध्ये डिसेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
त्या दिव्याखाली भाच्यानं पाठवलेलं खोकं:
चोवीस खिडक्या, आत चॉकलेट नाही, शाई.
अंगठ्याएवढ्या बाटल्या. रोज एक उघडायची,
नाताळच्या संध्याकाळपर्यंत.

पहिल्याच खिडकीत हिरवी निघाली.
चौतीस वर्षं करखात्यात मी निळ्यानं लिहिलं;
हिरवी फक्त साहेबांची.
निब बुडवताना मी दाराकडे बघून घेतलं.

शाई करून बघायची तर काहीतरी लिहावं लागतं,
आणि कुणाला कळवावं असं माझ्याकडे काही नव्हतं.
स्वतःचं नाव लिहिलं. इर्मट्राउट. इर्मट्राउट.
तिसऱ्यांदा ते दवाखान्यात पुकारल्यासारखं वाटलं.
मग आठवले वरच्या मजल्यावरचे वेन्स्लाफ.

वेन्स्लाफ बूट झटकत नाहीत.
त्यांचा बर्फ माझ्या पायऱ्यांवर वितळतो
आणि या महिन्यात जिना पुसायची पाळी माझी.
तेव्हा दोन तारखेची शाई, नाव ‘भाजलेले बदाम’:
श्री. वेन्स्लाफ यांस, पायपुसणं शोभेला नसतं.
वाळता वाळता अक्षरांच्या कडांना तांबूस सोनं चढलं.
कठड्याला चिकटवून आले.

संध्याकाळी त्याच कागदाखाली, बॉलपेननं:
पायपुसणं भिजलंय. हा रंग कुठला?

मी उत्तर दिलं नाही. म्हणजे, रंगाचं दिलं नाही.
तीन तारखेच्या शाईला दालचिनीचा वास होता,
तिनं मी रेडिओच्या आवाजाबद्दल लिहिलं.
पण रागाला दालचिनीचा वास लागला
की तो राग राहत नाही, पाव होतो.
चार तारखेच्या शाईत चांदीचा चुरा,
निबमध्ये अडकून बसला, ‘कृपया’च्या पुढे काही उमटेना.
तेवढंच चिकटवलं.
कृपया.

पाच तारखेला रात्री मी वर गेले,
खरं तर थेंब मोजायला.
दाराबाहेर, वर्तमानपत्रावर, त्यांचे बूट.
संत निकोलससाठी पोरं ठेवतात तसे.
घासलेले, पॉलिश केलेले, नाड्या आत खोचलेल्या.
बहात्तर वर्षांचा माणूस!
अक्रोड नव्हते जवळ. संत्रंही नव्हतं.
खाली येऊन उरलेली हिरवी बाटली घेतली
आणि डाव्या बुटात टाकली.

सहा तारखेची चिठ्ठी काडेपेटीतल्या काडीनं लिहिलेली,
जाडजूड, एका अक्षराचं दुसऱ्यात घुसलेलं, हिरवंगार:
जिना मी पुसला. वेन्स्लाफ.
हिरव्या शाईत आलेला शब्द
मी आयुष्यात कधी नाकारलेला नाही.

पुढचं सगळं सांगत नाही.
सतराव्या खिडकीतली बाटली गळून कोरडी होती,
त्या दिवशी दोघांनीही लिहिलं नाही.
एकदा त्यांनी विचारलं, निब कशानं धुता?
मी लिहिलं, कोमट पाण्यानं, आणि घाई न करता.
टपालवाली बाई कठड्यापाशी थांबून वाचते, हे मला ठाऊक होतं.
बोटांच्या पेरांवर जांभळं, लाल, परत जांभळं;
बेकरीतल्या मुलीनं सुट्टे पैसे देताना बघितलं,
म्हणाली, नातवंडं आलीत वाटतं.
मी हो म्हटलं.

चोविसावी शाई ‘पहिला बर्फ’.
इतकी फिकट, की लिहिल्यावर मलाच शोधावी लागली.
तरी लिहिलं. एकच ओळ, वेळेसकट.
जिन्यातल्या मिणमिणत्या दिव्यात ते दिसणार नाही,
हे चिकटवतानाच माहीत होतं.

साडेसहाला दारावर टकटक.
वेन्स्लाफ. बूट हातात, पायात नुसते मोजे,
एका अंगठ्याला भोक.
दुसऱ्या हातात कोरा दिसणारा कागद.
काही दिसत नाही यावर, म्हणाले. काय लिहिलंय?

दिव्याखाली धरा, म्हटलं.
दिवा आत आहे.