मापासाठी इसम

पुरातून वाचलेल्या त्र्याण्णव काचा
आणि एक फुगलेली वही.
पाटगावकर फोटोवाल्यांचं अक्षर किरटं,
शाई चहाच्या डागासारखी झालेली.
क्रमांक सतरा : "हरिपूर. हळदीचे पेव, तोंड उघडलेले.
मापासाठी एक इसम उभा केला."

काच उजेडाला धरली.
धोतर काळंकुळकुळीत, चेहरा दुधासारखा.
स्कॅनरनं उलथवला
तेव्हा कुठं आपल्या रंगावर आला.
खांद्यावर रिकामं पोतं, पायाशी कंदील.
पेवात आधी कंदील सोडायचा,
तो जळत राहिला तर माणूस.

हळद कुठंच पिवळी नाही.

मग तो भेटतच गेला.
बावीस : घाट. पुराची खूण त्याच्या बरगडीशी.
एकतीस : पुलाचा खांब. तो अंगठ्याएवढा.
चाळीस : संगमाच्या वाटेवरची चिंच, बुंध्याला टेकायचं नाही
असं बजावलेलं असणार.
सगळीकडं हात सरळ,
नजर कॅमेऱ्याच्या जरा वर,
जसा काही पाटगावकरांच्या डोक्यावर कावळा बसलाय.

अडत्यांची नावं आहेत, बापाच्या नावांसकट.
बैलांची आहेत : पाखऱ्या, हौशा.
शेवटच्या पानावर खर्च :
"काचांखाली घालावयास गवत, दोन आणे.
इसमास, दिवसाचा, एक आणा."

मी पट्टी घेऊन बसले.
त्याची उंची धरली पाच फूट चार.
त्यावरून चिंच निघाली, खांब निघाला,
पेवाचं तोंड निघालं, जेमतेम माणूस मावेल एवढं.
सगळं गाव त्याच्या अंगावरून मोजून झालं
आणि मग लक्षात आलं,
पाच फूट चार ही माझ्या वडिलांची उंची.
दुसरी कुठली सुचलीच नव्हती.

एकोणसाठाव्या काचेला वहीत फुली.
"वाया. इसम हलला."
पावलं मात्र स्वच्छ, नखांतली माती दिसावी इतकी.
वर तोंडाच्या जागी एक पांढुरका फराटा,
पोतं हवेत,
मागं दोन बायका तोंडाला पदर लावून
हसतायत, किंवा त्यांच्याही नाकात गेलीय पूड.

असल्या काचा 'सदोष' मध्ये टाकायच्या,
तसं परिपत्रक आहे.
पाच वाजले. शिपाई चोखंडे किल्ल्या वाजवत
दारात उभे राहिले.
नावाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.
टाईप केलं :
इसम, शिंकताना.