साडेतीन सदस्य

किल्ल्यांच्या फळीवर बावीस खिळे,
किल्ल्या लटकतात आता सात.
ज्युदोच्या खोलीत बर्फ उपसायची फावडी,
शोगीच्या पटांवर माझं पाण्याचं बूच, वॉशर, दोरा.
बेसबॉलला पाच पोरं. नऊ व्हायला
डोंगरापलीकडच्या दोन शाळांकडून उसनी आणतात,
तीन रंगांच्या टोप्या आणि संघ एक.

मी तोगाशी. इथला शिपाई, माळी, नळवाला.

वाद्यवृंद तिसऱ्या मजल्यावर.
तिथे तिघं.
चितोसे, क्लॅरिनेट. नववीत.
कानामे, ढोल, झांजा, हाताला येईल ते.
आणि सातवीतला इओरी,
ट्यूबा मांडीवर घेतला की
गुडघे दिसतात आणि दोन कान.
ट्यूबाला पोचा होता. मी आतून काढला,
लाकडी हातोडीला जुना मोजा बांधून.
पुरता नाही निघाला.

ओनोदेराबाई गणिताच्या.
वाद्यातलं मला ओ की ठो कळत नाही
हे पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या.
म्हणाल्या, तिघांपुरती धून शोधू, छोटीशी.
चितोसेने कपाटातून तीस जणांची काढली.
कडांवर कुणाकुणाची नावं,
पेन्सिलीने ‘इथे श्वास घे’,
एका पानाला भाताचं वाळलेलं शीत.
“हीच. आपापलं वाजवायचं.”
“आणि बाकीचे सत्तावीस?”
“त्यांचं मोजायचं.”

तर ते मोजतात.
क्लॅरिनेट चार ओळी चालतं, थांबतं,
मग पाळी कर्ण्यांची, कर्णे नाहीत,
टाच वर, टाच खाली, तिघांची एकदम.
उभ्या रेघांमधल्या जागांना मी घरं म्हणतो.
बारा घरं रिकामी.
माझ्या गल्लीत, टपालापासून धक्क्यापर्यंत, चौदा.
चितोसे म्हणते, रिकामं घर भरभर ओलांडायचं नाही, काका,
लोक नेमके तिथेच धावतात.

जूनमधली दुपार. मी जिना पुसत होतो.
नवव्या घरापाशी हात आपसूक उठला
आणि फडक्याचा दांडा बादलीवर बसला.
आत चिडीचूप.
दार उघडलं. कानामे. कपाळाला आठी.
“तोगाशीकाका, अर्धी मात्रा लवकर.”

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीत,
सदस्यसंख्येच्या रकान्यात: साडेतीन.
बाईंनी लाल पेन उचललं,
बराच वेळ धरून ठेवलं,
मग सही केली.

जुलैत स्पर्धा, मोठ्या शहरात.
मोठ्या माणसाला मंचावर जागा नाही,
अर्ध्यालाही नाही, नियम वाचून दाखवला मला.
ट्यूबा मीच गाडीत चढवला, पट्टा आवळला,
परत आलो, गटारं उपसायची होती.
दोन वाजून दहा मिनिटं ही त्यांची वेळ.
तिसऱ्या मजल्यावर बादली पालथी घालून बसलो.
शाळेचं घड्याळ दोन मिनिटं मागे,
ते दुरुस्त करायचं कामही माझंच.
मोजलं. ठोकलं.
लवकर की उशिरा, सांगायला कुणी नव्हतं.

कांस्य मिळालं.
तिथे रिकाम्या हाताने कुणालाच पाठवत नाहीत;
सोनं, चांदी, आणि मग हे.
परीक्षकाने लिहिलं होतं: ‘थांबे फार लांब.’
चितोसेने तो कागद खोलीच्या दारावर लावला,
चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी,
मी काढू नये म्हणून.

मार्चअखेर आमची शाळा पलीकडच्या शाळेत जाईल.
किल्ल्या मोजून द्यायच्या, सही घेऊन.
काल इओरी फळीपाशी घुटमळत होता.
“तिकडे बादली असेल ना?”
असेल की, म्हटलं, शाळा आहे.
“मग विचारून ठेवा,” तो म्हणाला,
“कुठल्या स्वरातली.”